कासिमभाईंची गोडी विहीर

करिमुन्निसाच्या घराचा तोरा म्हणजे तिची विहीर. बेलापूरच्या जुन्या गावठाणात खाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कुणीही खणलं की खारंच पाणी लागायचं. पण हिचं घर अगदी डोंगराच्या पायथ्याला. डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाली झिरपत नेमकं हिच्या विहिरीत उतरायचं. अख्ख्या गल्लीत गोडं पाणी तेवढंच. नळ आले, टॉवर आले, तरी नळाने दगा दिला की लोक बादल्या घेऊन हिच्याच दारात यायचे. पाणी देताना ती असा चेहरा करायची, जणू डोंगर तिला माहेराहून आंदण मिळाला होता.

नवरा कासिम गेल्या वर्षी वारला. त्याच्या बरसीला, पावसाच्या तोंडावर, तिने विहीर साफ करून घेतली. गाळ उपसला, कठड्याला चुना लावला, नवा रहाट बसवला, पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर हात सैल सोडून टाकली. महापालिकेच्या लोकांनी पूर्वी कधीतरी विहिरीत गप्पी मासे सोडले होते. ते तिला पहिल्यापासून खुपायचे. माणसं नेतात त्या पाण्यात मासे हगतात, हे काही तिच्या डोक्यातून जात नव्हतं. थोडे गाळाबरोबर गेले, उरलेले पावडरीने मेले. पाणी नितळ झालं, तळाचा दगड दिसायला लागला. मग कासिमच्या नावाने विहीर सगळ्या गल्लीला खुली केली. जो बादली भरेल त्याचं पुण्य, त्याचा सवाब कासिमला पोचावा, एवढंच तिला हवं होतं. त्या दिवशी ती खूप रडली आणि खूप खूशही होती.

सून आफरीनला तेव्हा चौथा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिची आई म्हसळ्याहून सारखी फोन करत होती. करिमुन्निसाने साफ नकार दिला.

"तिकडं येळेवर डॉक्टर कुटं मिलतो? इथं सगलं हाय. कासिमचा नातू कासिमच्या घरात होऊ दे."

मुलगा मुआजने तेच सासूला फोनवर कळवलं. आईपुढे त्याला तेवढंच जमायचं.

ऑगस्टच्या शेवटी आफरीनला थंडी वाजून ताप आला. उतरला, आणि एक दिवस सोडून पुन्हा आला. करिमुन्निसाने आधी नजर उतरवली, मग मुआजने रक्त तपासून आणलं. मलेरिया निघाला. गल्लीत आणखी तीनचार घरांत हेच चाललं होतं. करिमुन्निसाला गुन्हेगार सापडायला वेळ लागला नाही. शेजारी टॉवरचं काम चालू होतं, खड्ड्यात पाणी साचलेलं, पत्र्याच्या खोल्यांत मजूर. ती साइटवर जाऊन सुपरवायझरला असं काही बोलून आली की तो हेल्मेट काढून उभा राहिला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे पाण्यालाही लागू पडतं.

महापालिकेची संघप्रिया घरोघर तापाची चौकशी करत आली, तेव्हा तिने विहीर बघायला मागितली.

"माजी विहीर?" नाकावर माशी बसू न देणारी करिमुन्निसा उखडली. "बरसीलाच धुऊन काढलीय. मच्छर घानीत होतात, चोख्या पान्यात नाय. तिकडं साइटवर बघ."

"चाची, एक नजर टाकते फक्त."

"नाय म्हटलं ना!"

संघप्रियाला अजून पुष्कळ घरं फिरायची होती. चिठ्ठीवर आपला नंबर लिहून देऊन ती पुढे गेली.

ताप डोक्यात चढला तशी आफरीनला वाशीच्या दवाखान्यात भरती केली. पोटातलं बाळ नीट हलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू, वेळ पडली तर बाळ आधी काढावं लागेल. करिमुन्निसाची पाचावर धारण बसली. सुनेसाठी पेज करायला म्हणून ती दुपारी घरी आली आणि हातपाय धुवायला तिने विहिरीतून पाणी काढलं. बादली पांढरी होती, ऊन थेट आत पडलं होतं. पाण्याच्या वरच्या थरात बारीक काड्या आडव्या तरंगत होत्या. तिने बोट लावलं. काड्या वळवळत तळाला गेल्या.

ती बादली तिने ओतून दिली. दुसरी काढली. तिच्यातही तेच. मग ती कठड्याला धरून खाली बसली. गोडं, नितळ, सावलीतलं पाणी, आणि डासांच्या अळ्या खाणारा एक मासा शिल्लक नाही. कुणाच्या सांगण्याची गरजच नव्हती. ताप कुठल्या घरांत आहे ते तिने मनात मोजलं. सगळी विहिरीला लागून होती. कासिमच्या नावाने आपण गल्लीला काय वाटून दिलं, हे कळलं आणि तिला त्याची लाज वाटली, जणू तो समोर उभा राहून बघत होता.

तिने चिठ्ठी शोधून संघप्रियाला फोन लावला. संघप्रियाने येऊन पाण्यात औषध टाकलं, नवे मासे सोडले, विहिरीला बारीक जाळी बसवायला सांगितलं आणि एका शब्दानेही टोमणा मारला नाही. गल्लीला वाटलं, नेहमीची फवारणी असेल. करिमुन्निसा गप्प बसली असती तर कुणाला ताकास तूर लागली नसती.

दुसऱ्या दिवशी आफरीनचा ताप उतरला. बाळाचे ठोके नीट ऐकू आले. वजन कमी भरत होतं, पण काढायची गरज उरली नव्हती. म्हसळ्याहून तिची आई धावत आली होती. लेकीला बघून ती वळली आणि तिने करिमुन्निसाचे दोन्ही हात धरले.

"विहीणबाई, मी उगाच तुमच्यावर रागावले. गावात असती तर पोर माजी हातची गेली असती. तुमी ठेवून घेतलीत म्हनून वाचली."

नुसतं हं म्हटलं असतं तरी भागलं असतं. करिमुन्निसाला ते गिळवेना.

"ताप माज्याच विहिरीतून आला," ती म्हणाली. "मासे मी मारले. विहीर बघू दिली नाय ती पन मीच."

विहीणबाईंचे हात सुटले. खाटेवर आफरीन जागी होती. सासूकडे बघत ती अगदी बारीक आवाजात बोलली.

"मी म्हनले होते अम्मी. ऱ्हाऊ द्या मासे, बिचारे काय करतात तुमचं."

"म्हनली होतीस."

"तुमी हसलात."

करिमुन्निसाला आठवलं. ती खरंच हसली होती.

"इथून सोडलं की मी आईकडं जाते," आफरीन म्हणाली. "बाळ तिकडंच होऊ दे."

"जा," करिमुन्निसा म्हणाली आणि बरसीच्या दिवसापेक्षाही जास्त रडली. तिला कुणी गप्प केलं नाही.