राजीनाम्याची रीत

योम चांगसूने पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. टेबलापलीकडे बसलेला बान सुंगजे ताडकन उठला, वळसा घालून समोर आला, त्यानेही दोन्ही हातांनी पाकीट घेतलं आणि कमरेत पार वाकला.

"दादा, तुमचा शब्द मोडणं माझ्याच्यानं व्हायचं नाही," तो खाली बघतच म्हणाला.

योमचे हात तसेच पुढे राहिले. पाकीट परत येणार म्हणून ते थांबले होते. ते येत नाही असं दिसल्यावर त्याने सदरा सारखा केला, "बरंय" म्हटलं आणि तो केबिनबाहेर आला. जिना उतरताना त्याने कठडा धरला. एकतीस वर्षांत त्याने या जिन्याच्या कठड्याला कधी हात लावला नव्हता.

कोरियातल्या चांगवन शहरातल्या या पंपांच्या कारखान्यात सुंगजे आला तो योमच्या हाताखाली. एकाच तांत्रिक शाळेतले दोघे, सुंगजे नऊ वर्षांनी मागचा. परवा मालकांनी त्याला उत्पादन संचालक केलं आणि विभागप्रमुख योम त्याच्या हाताखाली गेला. धाकटा वर चढला की थोरल्याने उठायचं, ही रीत. घालवत कुणी नाही, पण थोरला बसूनच राहिला तर दोघांची पंचाईत. धाकट्याने हुकूम सोडायचे कसे आणि थोरल्याने ऐकायचे कसे? म्हणून राजीनामा द्यायचा. पण धाकट्याने तो घ्यायचा नसतो, हाही रीतीचाच भाग. "तुमच्याशिवाय आमचं कसं व्हायचं," म्हणत पाकीट परत सरकवायचं. थोरल्याने पुन्हा पुढे करायचं. तिसऱ्या खेपेला थोरल्याने सुस्कारा टाकून ते खिशात घालायचं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट कामावर यायचं. विभागप्रमुख झाला तेव्हा योमने स्वतः दोघांची पाकिटं अशी परत सरकवली होती.

सुंगजेला हे कुणी सांगितलंच नव्हतं. योमने त्याला शिकवलं होतं ते एवढंच, की मोठ्याने एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगायला लावू नये. नवा असताना सुंगजे एकदा "पण दादा" म्हणाला होता, तर योमने त्याला अख्खी पाळी लेथपाशी उभं केलं होतं. त्यानंतर बावीस वर्षांत तो "पण" म्हणाला नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ.

घरी त्याची बायको हेसुक मुळे सोलत बसली होती.

"दिलं?"

"दिलं."

"मग? कितीदा परत केलं त्याने?"

योम पायमोजे काढत राहिला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"घेतलं त्याने."

"घेतलं म्हणजे? ठेवून घेतलं?"

"वाकून घेतलं."

हेसुकने सुरी खाली ठेवली. "वाकून घेऊ दे नाहीतर लोळून घेऊ दे, नोकरी गेली ना? आपल्या दासोमच्या कॉलेजची अजून दोन वर्षं आहेत. इभ्रत काय भातावर घेऊन खायची आम्ही?"

"शुक्रवारी दुपारी निरोपाचं जेवण ठेवलंय."

"वा. पोटभर जेवून या हो." ती पुन्हा मुळा सोलू लागली. निम्मा मुळा सालीबरोबरच गेला. "उद्या जा आणि सांगा त्याला. रीत म्हणून दिलं होतं, परत दे म्हणावं."

"थोरल्याने मागायचं? धाकट्याकडे?"

"मग थोरल्याने घरी बसायचं."

योम घाबरला होता. चौपन्नाव्या वर्षी त्याला दारात कोण उभं करणार होतं? त्याच्या आधी असाच बाहेर पडलेला एक विभागप्रमुख आता एका इमारतीच्या फाटकावर पहारा करायचा आणि ओळखीचं कुणी दिसलं की टोपी डोळ्यांवर ओढायचा. त्याहून एक गोष्ट योमला जास्त कुरतडत होती. सुंगजे काही इतका भोळा नव्हता. त्यालाच आपण नको असू तर?

बुधवारी तो केबिनच्या दारापर्यंत गेला. त्याला पाहताच सुंगजे उठून उभा राहिला, स्वतःची खुर्ची पुढे केली, कॉफी मागवली. इतक्या आदरापुढे माणूस मागणार काय? कॉफी पिऊन योम परत आला. गुरुवारी तर केबिनसमोरून दोनदा नुसताच गेला.

शुक्रवारी सूप-भाताच्या खानावळीत मागची मोठी खोली घेतली होती. तीसेक जण आधीच मांड्या घालून बसले होते. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी फलक होता, "योम चांगसू यांना कृतज्ञतापूर्वक निरोप." योमने उंबऱ्याशी बूट काढले. आत जायच्या आधी त्याने मागे वळून पाहिलं, तर सुंगजे, उत्पादन संचालक बान सुंगजे, खाली वाकून त्याचे बूट नीट जोडीने लावत होता.

"राहू दे रे ते."

"असू द्या, दादा."

"सुंगजे, मला जायचं नव्हतं."

सुंगजेचा हात थांबला. "कुठे?"

"कारखान्यातून. कुठे काय विचारतोस?"

"मग पत्र?"

"द्यायचं असतं म्हणून दिलं. तू परत सरकवायचं होतंस. मी पुन्हा दिलं असतं, तू पुन्हा सरकवलं असतंस. एवढं साधं कळू नये तुला?"

"पण दादा," सुंगजे म्हणाला. आपण काय बोललो ते ऐकून त्याचं त्यालाच कसंसं झालं. तरी तो थांबला नाही. "पण तुम्हीच तर शिकवलंत. तुम्ही दिलेलं परत कसं करणार मी? तीन रात्री झोप नाही मला. वाटलं, कालच्या पोराच्या हाताखाली राहणं तुम्हाला कमीपणाचं वाटतंय."

"आणि मला वाटलं, तुला मी नकोय."

आतून कुणीतरी हाक मारली, सूप गार होतंय म्हणून. दोघांनीही लक्ष दिलं नाही.

"पत्र मालकांकडे गेलं?"

"सोमवारी पाठवणार होतो." सुंगजे उभा राहिला. त्याने आवाज खाली आणला. "दादा, राहिलात तर सोमवारी सकाळी मैदानात उभं राहावं लागेल. ओळीत. समोर मी असणार."

"माहीत आहे."

"दीडशे माणसं बघतील. हसतील."

"हसू देत. हेसुक गेले चार दिवस हसत नाहीये, त्याचं काय?"

सुंगजे आत गेला. बसलेल्यांच्या मधून वाट काढत भिंतीपाशी पोचला, एका टोकाची दोरी सोडली, मग दुसऱ्या टोकाची, आणि फलकाची घडी घालून ती बैठकीखाली सरकवली. संचालकच फलक उतरवतोय तर विचारणार कोण? सगळे जण वाडग्यात बघून सूप पीत राहिले. योम येऊन बसला. त्याने भात सुपात कालवला आणि तोही जेवू लागला. सूप खरोखरच गार झालं होतं.

सोमवारी सकाळी साडेसातला मैदानात रांगा लागल्या. रोज या वेळी संचालक समोर येऊन उभे राहायचे, सगळ्यांनी वाकून नमस्कार करायचा, मग दिवसाची कामं वाचली जायची. विभागप्रमुखांची रांग सगळ्यांत पुढे. योम डावीकडून तिसरा. मागे कुजबूज चालली होती आणि तिच्यात त्याचं नाव होतं. एकजण "अरे, हा तर जेवून परत आला," असं म्हणाला आणि दोन-तीन जण फिसकन हसले. योमचे कान तापले. आत्ता निघून जावं असं त्याला फार वाटलं. तो उभा राहिला.

सुंगजे आला. नव्या बुटांमुळे जरा जपून चालत होता. समोर येऊन थांबला, त्याची नजर रांगेवरून फिरत योमवर आली आणि बावीस वर्षांच्या सवयीने त्याचीच मान खाली जाऊ लागली.

"मान वर," योम ओठ फारसे न हलवता म्हणाला. आवाज तोच, लेथपाशी उभं करण्याचा.

सुंगजेची मान जागच्या जागी ताठ झाली.

मग योम कमरेत वाकला, शेजारच्यांपेक्षा खाली. मागची कुजबूज थांबली. एकेक रांग वाकत गेली. बाकीचे सरळ झाले तरी योम तसाच होता. सुंगजे समोर ताठ उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात वर नेण्याची त्याला सोय नव्हती.