डोमाच्या भट्टीचा वास

रविवारी सकाळी सात वाजता आंधळगावात डोमाच्या अंगणातली भट्टी पेटली. आठ वाजायच्या आत दारूबंदी समितीच्या बाया काठ्या घेऊन दारात उभ्या होत्या.

डोमाची भट्टी गावाच्या ओळखीची. खाली चुलीवर हंडा, त्यावर बुडाला भोकं पाडलेलं मडकं, मडक्यात एक वाटी आणि वर झाकण म्हणून थंड पाण्याचं घमेलं. एकेकाळी त्या वाटीत मोहाची दारू गळायची आणि पहिला पेला डोमाच प्यायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली. भट्टी पुन्हा पेटली तर लाखनीला माहेरी जाईन, परत येणार नाही, असं बायको पार्वताबाईने तेव्हाच बजावलं होतं. पुढे ती स्वतः समितीत गेली. आज समितीच्या बैठकीत बसलेली असतानाच तिला आपल्या घरच्या धुराची खबर मिळाली होती.

समितीची अध्यक्ष बेबीबाई सर्दीने बेजार होती. नाक पदराला पुसत तिने विचारलं, "काय गा डोमा, काय करून राहिला?"

"तेल काढून राहिलो. निलगिरीचं. बांधावरचा पाला हाय हंड्यात."

"मोहाच्या भट्टीत तेल? उद्या म्हणशील, दूध काढून राहिलो."

बाया हसल्या. वास तर मोहाचाच येत होता. डोमाने मडकं राखेने घासलं होतं, पण मातीत मुरलेला वास ते तापताच बाहेर पडला होता.

पार्वताबाई तडक आत गेली आणि लुगडी कोंबलेली पिशवी घेऊन बाहेर आली.

"पार्वता, आयकून तर घे."

"लई आयकलं तुमचं."

बेबीबाईने काठी उचलली.

"थांब वो बेबी," शेजारची म्हातारी सुंदरबाई कुंपणापलीकडून म्हणाली. "फोडाले कितीक वेळ लागते? आधी पाहून तर घे. हा पिऊन पडे, तवा सारं गाव पाहाले ये. उठून उभा राह्यला, ते कोनं पाह्यलं? दुकानात अजून त्याले भट्टीवालाच म्हनता. मंग त्यानं सोडून काय फायदा झाला?"

काठी खाली आली. बेबीबाईने पदराने धरून घमेलं बाजूला सरकवलं. वाफेचा लोट अंगणभर पसरला. तिला दोन शिंका आल्या. मग तिने लांब श्वास घेतला आणि डोळे मोठे केले.

"अवो माय! नाक मोकळं झालं!"

मडक्यातल्या वाटीत पाणी होतं आणि पाण्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर.

पार्वताबाईने पिशवी ओट्यावर ठेवली. "मले सांगितलं काहून नाही?"

"तुये गुडघे दुखतात. म्हटलं, आधी निघते का नाही पाहू, मंग सांगू."

"अन् नवं मडकं नाही भेटलं?"

"भेटलं ना. भोकं पाडता पाडता दोन फुटले."

यावर सुंदरबाईसुद्धा पोट धरून हसली. बेबीबाईने वाटीकडे बोट नेलं. "एक थेंब नातवाच्या नाकात टाकतो. त्यालेबी सर्दी हाय."

"नको," पार्वताबाईने तिचा हात धरला. "दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं हाय. हे तेल लहान लेकराले लावाचं नाही, अन् कोनीच पोटात घ्याचं नाही. मोठ्या मानसानं खोबरेलात थोडंसं मिसळून अंगाले लावावं, बस."

वाचकहो, दारू सोडणाऱ्याला दोन लढाया लढाव्या लागतात. बाटलीशी असलेली लढाई त्याची एकट्याची. गावाच्या नजरेशी असलेली मात्र आपण त्याच्यावर लादतो, म्हणून ती आपणच थांबवू शकतो. चुकीवर काठी उगारायचा हक्क समाजाला आहे. पण काठी उगारण्याआधी झाकण उचलून बघणं हेही समाजाचंच काम आहे.

समितीने आजवर जप्त केलेल्या भट्ट्या एका पडवीत पडून आहेत. त्या तेल काढायला वापराव्यात, असं बेबीबाईने सुचवलं आहे. दोन बायांचा विरोध आहे. निर्णय झालेला नाही.

डोमाने तेलाचा दुसरा घाणाही काढला. पार्वताबाईची लुगडी पेटीत परत गेली. रिकामी पिशवी तेवढी अजून दाराच्या खुंटीवर आहे. मडक्याचा मोहाचा वासही गेलेला नाही. डोमा म्हणतो, जाईल. पार्वताबाई म्हणते, पाहू.