खुंटीवरून दिसणारा उतार

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कमान आहे. फुगीर चाकांच्या, उघड्या चारचाकी गाडीच्या मागे मला बसवतात. गाडी उलटलीच, तर तिचं वजन आपल्यावर घ्यायचं आणि चालवणारा चिरडला जाऊ नये इतकी जागा खाली राखायची, हे माझं काम. मला वाकवून जोडणारा वेल्डर म्हणाला होता, "हिची कधी गरज न पडो." तेव्हापासून मी भीत भीतच जगते.

माझी गाडी उतारावरच्या एका फळबागेत होती. मालकांना त्यांची मुलगी बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणते. गाडीवर फवारणीची टाकी लादून ते चढण चढत. फळं धरली की फांद्या खाली वाकत आणि मी त्यांत अडके.

"निम्मी फळं हीच पाडते," म्हणत बाबांनी एका सकाळी पाना घेतला.

"बाबा, कमान काढू नका. फांदी छाटा," मुलगी म्हणाली.

"लगडलेली फांदी छाटू? अगं, तोडणी झाली की लावतो परत. मी काय आज गाडी शिकलोय?"

"हट्टीपणा तेवढा बघा!"

"तू कुणावर गेलीस मग?" बाबा हसले.

मी शेडमधल्या खुंटीवर गेले. दारातून उतार दिसायचा. टाकी भरलेली असली की चढावर इंजिन कण्हायचं आणि मी जीव मुठीत धरून ऐकत राहायचे. एका दुपारी ते कण्हता कण्हता एकदम किंचाळलं. पुढची चाकं आभाळाकडे उठलेली मला दिसली. मग सगळं शांत झालं.

मुलगी धावत गेली. बाबांच्या अंगावरची गाडी तिने एकटीने उचलू पाहिली. गाडी हललीसुद्धा नाही.

पुढच्या हंगामात, बाबांच्या माघारी, त्यांचे धाकटे भाऊ टाकी लादून निघाले. मुलीने किल्लीच काढून घेतली.

"काका, आधी कमान."

"अगं, एवढीशी तर फवारणी. आणि फांद्यांत अडकते ना ती!"

ती करवत घेऊन गेली. वाटेवर वाकलेली फांदी तिने फळांसकट खाली पाडली. मग येऊन मला गाडीवर बसवलं, माझे बोल्ट आवळले. पुन्हा पुन्हा आवळले.

आजही प्रत्येक चढावर माझा थरकाप होतो. वेळ आली तर भार पेलेल का, मला ठाऊक नाही. पण मी जागेवर आहे. मित्रांनो, मी आड आले तर खुशाल रागवा, पण मला खुंटीला टांगू नका. ती फांदी छाटली होती ना, तिथे यंदा नवा फुटवा आलाय.