अपेक्षांचं पाकीट

"आपापली सही नीट बघून घ्या. पाकीट फुटल्यासारखं वाटलं तर आत्ताच सांगा, नंतर कुरकुर चालायची नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली.

चाळीस पाकिटं टेबलावर पसरली. वर्षाच्या पहिल्या दिवशी याच मुलांनी ती डिंकाने बंद केली होती आणि जोडावर आडवी सही ठोकली होती, निम्मी वर, निम्मी खाली. बाई सातवीला प्राचीन संस्कृती शिकवत. पहिल्या तासाला पुस्तक उघडायचं नाही, हा त्यांचा रिवाज. त्याऐवजी प्रत्येकाला एक कागद मिळे. वरच्या अर्ध्या भागात बाईंच्या अपेक्षा छापलेल्या असत. उत्तर येत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणावे. सनावळ्या विसरल्यास हरकत नाही, माणसे विसरू नयेत. खापराचा तुकडाही दोन्ही हातांनी धरावा. काम ठरल्या दिवशी आणावे, सबब ऐकली जाणार नाही. न्याय सगळ्यांना सारखा. खालचा अर्धा भाग कोरा. तिथे मुलांनी बाईंकडून आपली अपेक्षा लिहायची आणि पाकीट बंद करायचं. ते उघडायचं थेट शेवटच्या दिवशी, ज्याचं त्यानेच.

"बाई, खरं सांगा. एकदाही वाचलं नाहीत?" पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं.

"राजांच्या थडग्यांची सीलं फोडणाऱ्यांना आपण वर्षभर काय म्हणत आलो?"

"चोर," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"मग? तेहतीस वर्षं इमानाने काढली. आज शेवटच्या दिवशी मला चोर ठरवू नका."

मुलं हसली आणि पाकिटं फाडायला लागली. कुणी आपलंच लिहिलेलं वाचून कानापर्यंत लाल झालं. एका लठ्ठ मुलाने उभं राहून मोठ्याने वाचलं, "बाईंनी कमी लिहायला द्यावे." मग त्याने बाईंकडे पाहिलं. "नाही दिलंत तुम्ही कमी."

"नाही दिलं. पण आता स्वतःचं अक्षर स्वतःला वाचता येतंय ना?"

हे त्याला मान्य करावं लागलं. मग घंटा झाली आणि दोन मिनिटांत वर्ग रिकामा झाला. बाईंचा निरोप समारंभ काल उरकला होता. त्यात मुख्याध्यापकांनी त्यांना 'शिस्तीचा वटवृक्ष' म्हटलं होतं, आणि बाईंना तेव्हापासून उगाचच पाय जड झाल्यासारखे वाटत होते.

आता फक्त कपाट रिकामं करून द्यायचं होतं. नवे सर दारातच घुटमळत होते. हातात नकाशांची गुंडाळी, तोंडावर संकोच. "सावकाश होऊ दे, बाई. मी उद्याही येईन."

"उद्या मी नसेन. आजच घ्या," बाई म्हणाल्या.

शिपाई स्टुलावर चढून एकेक वस्तू खाली देत होता. मातीचे नांगर, पुठ्ठ्याचे पिरॅमिड, काडेपेट्यांची धान्यकोठारं. पंचवीस वर्षं त्यानेच हे कपाट पुसलं होतं, त्यामुळे कुठे काय आहे हे त्याला बाईंइतकंच ठाऊक होतं. सगळ्यात वरच्या कप्प्यातून त्याने एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं आणि ते पुढे केलं. मग स्टुलावरून उतरून तो नव्या सरांना म्हणाला, "चला सर, तुम्हाला नकाशांची खोली दाखवतो." सरांनी ती सकाळीच पाहिली होती, पण ते निमूट गेले.

बाईंनी पाकीट दोन्ही हातांनी धरलं. एकोणीस वर्षं ते त्या कप्प्यात होतं. जोडावरची सही गोल गोल, शेवटी एक फुलाचा आकार. सही करायला नुकतंच शिकलेल्या मुलीची.

ती बाईंची मुलगी होती. एकुलती एक. सातवीत ती त्यांच्याच वर्गात आली, तेव्हा बाईंनी तिला बजावलं होतं, "घरी आई, शाळेत बाई. तुला मी काही वेगळं देणार नाही आणि तूही काही वेगळं मागायचं नाही." मुलीने मान डोलावली होती. ती पहिल्यापासून शहाणी. बाईंना तिच्या शहाणपणाचा अभिमान वाटे, आणि आपल्या न्यायाचा त्याहून थोडा जास्त.

मग मातीच्या पाट्यांचा तो दिवस आला. मुलांनी ओल्या मातीच्या पाटीवर काडीने अक्षरं कोरून, वाळवून आणायची होती. मुलीने चार दिवस खपून पाटी केली होती. आदल्या संध्याकाळी घरात नेहमीचं भांडण झालं, आणि तिच्या बाबांनी रागाने टेबल ढकललं. पाटीचे तुकडे तिघांनीही पाहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी विचारलं, "तुझी पाटी?"

"फुटली, बाई."

"कशी?"

चाळीस मुलांसमोर ती काय सांगणार होती? आणि बाईंनी, ज्यांनी पहाटे स्वतःच्या हाताने ते तुकडे गोळा केले होते, वहीत शून्य मांडलं. सबब ऐकली जाणार नाही असं छापलेलं होतं ना. पोटच्या पोरीला सूट दिली तर बाकीच्यांना काय तोंड दाखवायचं, असं त्यांना त्या वेळी खरोखर वाटलं होतं.

वर्ष अर्धं झालं आणि नवरा दुसऱ्या गावी राहायला गेला. मुलीला विचारलं गेलं, तुला कुणाकडे राहायचंय. "बाबांकडे," ती म्हणाली. जाताना तिने पाया पडून परक्याचा निरोप घ्यावा तसं म्हटलं, "येते, बाई." बाईंना वाटलं, रुसलीय. निवळेल. सुट्टीत आली तेव्हाही "बाई". तिचं लग्न झालं तेव्हा, तिला मुलगा झाला तेव्हा, दर रविवारच्या फोनवर, "बाई, गोळ्या वेळेवर घेताय ना?" आवाजात राग नाही, टोमणा नाही. काळजी तर सख्ख्या मुलीची. फक्त ती एक हाक गेली होती. एकोणीस वर्षं बाई त्या एका हाकेसाठी झुरत होत्या, आणि ती मागून घेण्याची हिंमत त्यांना कधी झाली नव्हती.

पाकीट मात्र त्यांनी दोनदा देऊ केलं होतं. "राहू दे तिथेच," एवढंच ती दोन्ही वेळा म्हणाली होती.

आता तिथे राहणं शक्य नव्हतं. बाईंनी फोन लावला. मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मागे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"आज रविवार नाही, बाई. बरं आहे ना सगळं?"

"कपाट रिकामं केलं. तुझं पाकीट हातात आहे. पोस्टाने पाठवू का?"

"त्यात काय लिहिलंय ते मला आठवतही नाही. फोडून टाका तुम्हीच."

"मी नाही फोडत कुणाचं. नियम आहे."

"नियम तुमचाच ना?"

"माझाच. म्हणून तर."

पलीकडे ती हसली. हसू थकलेलं होतं, पण खरं होतं. "बरं. मग मी परवानगी देते. मी फोनवर आहे, म्हणजे मी समोर आहे असं धरा. फोडा आणि मोठ्याने वाचा. मलाही कळू दे बारा वर्षांची असताना मला काय हवं होतं ते."

डिंक कधीच सुकून गेला होता. पाकीट हात लागताच उघडलं. वरच्या भागात त्यांच्या स्वतःच्या अपेक्षा ठळक अक्षरात. खाली पेन्सिलीने तीन ओळी. बाईंनी चष्मा पुसला आणि धडा वाचावा तशा आवाजात सुरुवात केली.

"'वर्गात मी बाईच म्हणेन. पण शाळा सुटल्यावर गेटच्या बाहेर मी आई अशी हाक मारली तर बाईंनी ओ द्यावी. मुलं बघत असली तरी.'"

शेवटची ओळ धड्याच्या आवाजात वाचता आली नाही.

बाईंना गेट आठवलं. शाळा सुटली की त्या झपाझप पुढे चालत, हातात वह्यांचा गठ्ठा. मागून "आई, आई" अशी हाक येई. कोपऱ्यापर्यंत त्या वळून बघत नसत, कारण मुलं बघत असत. कोपऱ्यानंतर थांबत. एक दिवस मागून हाक आली नाही. तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोरगी शिकली एकदाची.

कपाटासमोर उभं राहून त्यांनी वर्गाकडे पाहिलं, चाळीस रिकाम्या बाकांकडे, आणि त्यांना स्वतःची भयंकर चीड आली.

"ऐकतेयस?" त्या म्हणाल्या.

"हो."

"ठेवू नकोस फोन. काम असलं तरी ठेवू नकोस."

त्यांनी किल्ली कपाटालाच सोडली. पर्स टेबलावर राहिली, तीही त्यांना आठवली नाही. फोन कानाला, पाकीट दुसऱ्या हातात, अशा त्या जिना उतरल्या. नकाशांच्या खोलीतून शिपाई डोकावला आणि पुन्हा आत गेला. मैदानात मुलं अजून रेंगाळत होती, सुट्टी लागली की घरी जायची घाई कुणाला असते. बाई मैदान ओलांडून गेटबाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेला, भर उन्हात उभ्या राहिल्या.

"मी गेटबाहेर आलेय," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "मुलं आहेत इथे. बघतायत."

पलीकडे यंत्राची घरघर थांबली. कुणीतरी ते बंद केलं असावं. मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला, जवळून.

"बाई, येतो," लठ्ठ मुलगा सायकलवरून ओरडला. चष्मेवाली थांबून म्हणाली, "बाई, आम्ही तुमच्या घरी आलो तर चालेल?" आणखी चारपाच जण आले, बाई, बाई करत. त्या प्रत्येकाकडे बघून मान हलवत होत्या, डोळ्यांनी हसत होत्या. पण त्या दिवशी त्यांनी एकालाही ओ दिली नाही. ती त्यांनी राखून ठेवली होती. फोन अजून चालू होता.