मधला ठोंब

गवती चहाची ती एक कुंडी जगली, तर कंपाउंडरकाकांना मिळणार होतं ते असं: स्वतःच्या दोन खोल्या, खिडकीजवळची खाट, हवा तेवढा मोठा रेडिओ, आणि चहात दोन चमचे साखर, कुणी भुवई न उंचावता. कुंडी मेली, तर मिळणार होता लेकीच्या घरी आठव्या मजल्यावर, नातीच्या खोलीतल्या दुमजली पलंगाचा तळमजला, बिनसाखरेचा चहा आणि नऊ वाजता दिवा बंद.

सौदा लेकीनं ठरवला होता. ती बिस्किटांच्या कारखान्यात माल तपासायची. तुटका, करपलेला, वाकडा नग सरकत्या पट्ट्यावरून उचलून बाजूला टाकायचा, हा तिचा रोजचा उद्योग. काकू गेल्यावर तिनं बापाकडेही त्याच नजरेनं पाहिलं.

"एकटा राहू शकतो म्हणता ना बाबा? मग आईचा गवती चहा वर्षभर जगवून दाखवा. जगला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जगला, तर निमूट बॅग भरायची."

"अगं, गवत ते! गवत काय कुणी मारून मरतं?" काका म्हणाले आणि शब्द देऊन मोकळे झाले.

आता, काका मेहनतीत कमी पडले असं कुणी म्हणू नये. अडतीस वर्षं त्यांनी दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरल्या होत्या, त्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या. जे माणसाला तेच झाडाला, असा त्यांचा सरळ हिशेब. औषधाच्या मापानं सकाळी एक माप पाणी, संध्याकाळी एक माप. कुंडी कुठं ठेवायची, तेही बाटल्यांवर छापलेलं असतंच: थंड, कोरड्या जागी, उजेडापासून दूर. म्हणून कुंडी गेली कपाटामागच्या कोपऱ्यात. लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून स्टुलावर. घरात लहान मूल नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. आणि पातीला कात्री लावायची नाही. काकूंच्या हातचं झाड ते, त्याचं एक पातं तोडायलासुद्धा काकांचा हात धजत नव्हता.

अकराव्या महिन्यात झाडानं हाय खाल्ली. पाती पिवळी पडली, मध्ये वाळक्या काड्यांचा गुंता झाला, आणि मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर डोकावू लागली. फोनवर लेकीनं विचारलं, तेव्हा काका ठासून म्हणाले, "छातीएवढा झालाय!" कुणाच्या छातीएवढा, ते त्यांनी सांगितलं नाही.

परीक्षेला पाच आठवडे उरले असताना काकांना पेन्शनच्या ऑफिसात जावं लागलं. आपण हयात आहोत असा कागद दर वर्षी तिथं स्वतः नेऊन द्यावा लागतो. त्यांनी किल्ली खालच्या सलूनवाल्याकडे दिली. "मला उशीर झाला, तर संध्याकाळचा डोस दे. बाकी कशाला हात लावू नकोस."

न्हाव्यासमोर वाढलेलं डोकं ठेवायचं आणि हात लावू नकोस म्हणायचं! काका आपण जिवंत असल्याचं सिद्ध करून परतले, तर जमिनीवर पेपर पसरलेला, त्यावर कुंडी उपडी, आणि गवती चहाची पाती वीतभर ठेवून साफ उडवलेली.

"अरे मेल्या, हे काय केलंस!"

"मिलिटरी कट," सलूनवाला शांतपणे म्हणाला. "काका, तुम्ही महिन्याला माझ्याकडे येता. केस कापल्यानं मेलात कधी?"

"तिच्या हातचं झाड होतं ते!"

"म्हणून तर वाचवतोय. मुळं बघा. जुन्या उशीतल्या कापसासारखी गच्च बसलीत. आणि हे तुमचं माप? खोकल्याचं औषध देताय का त्याला? बादलीनं पाणी पाहिजे आणि डोक्यावर ऊन पाहिजे." त्यानं गड्डा दोन्ही हातांनी धरून फाडला तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. बाहेरच्या बाजूचे चार कोवळे, बोटाएवढे ठोंब मुळांसकट सुटे झाले. मध्ये राहिला मुठीएवढा जून ठोंब. "माझी आई हे चार लावायची आणि मधला फेकून द्यायची."

"फेकायचा?" काकांनी तो छातीशी धरला. "मूळ झाड हेच! हा माझा. बाहेरची पोरंसोरं तुम्ही शेजारीपाजारी घ्या वाटून."

सलूनवाल्यानं एकदा ठोंबाकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि चार ठोंब पेपरात गुंडाळले. जुन्या गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, हे धंद्यातलं शहाणपण. काका मात्र मनातून खूश होते. बोटभर काड्या देऊन मूठभर ठेवला. कोण खुळा ठरला?

एक ठोंब सलूनवाल्यानं रंगाच्या रिकाम्या डब्यात लावला. एक समोरच्या इस्त्रीवाल्या ताईंनी बादलीत लावला, एक वरच्या गाणंवाल्या बाईंनी तेलाच्या डब्यात, आणि एक पोस्टमननं फुटक्या माठात. आठवड्यात चारही ठिकाणी पोपटी कोंब वर आले, आणि तीन आठवड्यांत पाती गुडघ्याला लागायला लागली. ताईंच्या ठोंबाला दिवसभर ऊन, वर रोज बादलीभर पाणी. तो तर इतका माजला की गिऱ्हाइकांचे शर्ट त्याच्या पातींत अडकायचे. बाई सांगायच्या, त्यांच्या ठोंबाला सकाळचा रियाज मानवतो.

काकांनीही आता कुंडी उन्हात आणली, तांब्यानं पाणी दिलं, औषधाचं माप लपवून ठेवलं. मधल्या ठोंबाला तीन पाती फुटली. तीनच. त्यांतलं एक वाकडं.

ठरलेला रविवार उजाडला, तेव्हा काकांनी लाज गुंडाळून ठेवली. एक दिवसापुरता सलूनवाल्याचा डबा मागून आणावा, लेक गेली की परत करावा. खाली उतरले, तर सलूनच्या पायरीवर डबा नाही. इस्त्रीच्या टेबलाशी बादली नाही. "नेमकी आजच बरी सगळ्यांची झाडं फिरायला गेली!" असं पुटपुटत काका मागल्या अंगणात पोस्टमनचा माठ शोधून पुढे येतात तोच लेकीची रिक्षा दारात थांबली. आत लेक, शेजारी नात.

तिघं वर आली. काकांच्या उंबऱ्यावर ओळीनं उभे होते रंगाचा डबा, बादली, तेलाचा डबा आणि माठ. सौदा चौघांनाही ठाऊक होता. एकमेकांना न सांगता, काकांची अब्रू राखायला, काका अंगणात असताना त्यांनी आपापलं झाड गुपचूप आणून ठेवलं होतं.

"हा काकांचाच!" सलूनवाला डब्याकडे बोट दाखवत जिन्यातून ओरडला.

"छे, ही बादली काकांची," ताई म्हणाल्या.

"माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी हा वाढवलाय," गाणंवाल्या बाईंनी तेलाच्या डब्याकडे हात केला. पोस्टमन नुसताच माठामागे उभा राहिला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

लेकीनं चारही झाडांवरून नजर फिरवली, पट्ट्यावरून माल जावा तशी. "बाबा, आईची कुंडी एक होती. माती तीच म्हटली तरी कुंडीची बादली कशी झाली?"

काका आत गेले. त्यांनी खिडकीतली कुंडी आणून तिच्यासमोर ठेवली. "हे माझं. तीन पाती. बॅग माळ्यावर आहे, काढतो."

"थांबा." ती शेजाऱ्यांकडे वळली. "तुम्हाला एवढी कसली पडलीय?"

"अहो, यांना नेलंत तर डॉक्टरांचं अक्षर कोण वाचणार?" ताईंनी कमरेवर हात ठेवले. "सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली, अख्खी गल्ली यांनाच विचारते."

"माझा घसा बसला की गुळण्यांचं पाणी हेच बनवतात," बाई म्हणाल्या.

"आणि माझ्या खुर्चीत बसून ते माझ्याच गिऱ्हाइकांना सांगतात, केस गळतीवर ह्याचं तेल लावू नका," सलूनवाला म्हणाला. "धंदा बुडवतात. पण करमतं."

लेक आधी हसली नाही. मग तिनं त्या वाकड्या तिसऱ्या पात्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "बाबा, झाड नापास," ती डोळे पुसत म्हणाली. "शेजार पास. राहा इथंच."

नातीनं टाळ्या पिटल्या. तिला पलंगाचे दोन्ही मजले सुटले होते.

आता कुणाला काय किंमत पडली, ते पाहू. सलूनवाल्याची चांगली कात्री त्या चिवट पातींनी बोथट केली. गाणंवाल्या बाईंचा डबा लेकीनं हट्टानं मागून नेला, आणि वाटभर मांडीवर धरल्यामुळे तिच्या हनुवटीवर दोन ओरखडे उठले. काकांनी मधला ठोंब स्वतःच्या हातानं उपटला आणि काकूंच्या कुंडीत ताईंच्या बादलीतला एक कोवळा लावला. त्याची पाती ते आता सढळ हातानं कापतात. कापलेली पाती उकळायची कुठं? काकांच्याच स्टोव्हवर. रोज चार वाजता चौघं कप घेऊन हजर, प्रत्येकाला दोन चमचे साखर, कुणी भुवई उंचावत नाही. पंधरा दिवसांत साखरेच्या डब्याचा तळ दिसू लागला. तेव्हा काकांनी मुकाट्यानं माळ्यावरून ते जुनं औषधाचं माप काढलं, आणि साखर एका चमच्यावर आणली. फक्त स्वतःच्या कपातली.