अठ्ठावीस युनिट

थोरलीच्या हाताला चूक माहीत नव्हती. नवऱ्याला इन्सुलिन टोचायची ती घड्याळाच्या ठोक्याला. सकाळी अठ्ठावीस युनिट, संध्याकाळी अठरा. नवरा कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर. त्याच्या हातात गाडी होती म्हणून घर उभं होतं.

मग रक्ततपासणीत हेपटायटिस सी निघाला. जुन्या अपघातात चढवलेल्या रक्तातून आला असावा, असं यकृताचे डॉक्टर म्हणाले. "बारा आठवडे गोळ्या घ्या, बरं होतं हे. पण साखरेच्या डॉक्टरांना आजच सांगा. हा विषाणू असला की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. तो हटायला लागला की साखर उतरते, मग इन्सुलिन कमी करावं लागतं."

"सांगते हो," ती म्हणाली, आणि बाहेर पडताच नवऱ्याला दटावलं, "खबरदार, तोंडातून ब्र काढाल तर!" कारण साखरेच्या डॉक्टरांच्या काउंटरवर बसायची कोण? धाकटी जाऊ! यकृत म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते, आणि ह्या बिचाऱ्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता. दोघी जावांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तिला कळलं की गावभर झालंच, असा थोरलीचा हिशेब.

पाचव्या आठवड्यात मीटरवर नव्वद आलं आणि थोरली हरखली. "बघा, माझ्या पथ्याचा गुण!" डॉक्टरांचं बोलणं ती साफ विसरली होती.

"अगं, हात थरथरतात, दरदरून घाम येतो. जरा गोड चहा दे."

"पुरे झाली नाटकं! साखर हवी म्हणून हे ढोंग." बिनसाखरेचा चहा पुढ्यात आदळून ती सुई टोचायची. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस.

नवव्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकातच बस भिंतीला धडकली. आत कोणी नव्हतं, नशीब. ड्रायव्हर उतरला तो झोकांड्या खात, काहीबाही बरळत. सुपरवायझर खेकसला, "सकाळी सकाळी ढोसून आलास?" तोंडात चिमूटभर साखर घालायची, तर मेल्यांनी डोक्यावर पाण्याची बादली ओतली. तो तिथेच कोसळला. दवाखान्यात ग्लुकोज चढवल्यावर शुद्धीवर आला, तोवर कारखान्याच्या फलकावर कागद लागला होता: दारू पिऊन गाडी चालवली, कामावरून कमी.

यकृताच्या गोळ्यांचं ऐकून साखरेच्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "कळलं असतं तर डोस कधीच उतरवला असता, बाई." दारू नव्हती, इन्सुलिन जास्त झालं, असं पत्र त्यांनी दिलं. देताना म्हणाले, "डाग पुसला जाईल. पण गाडी चालवताना साखर घसरते हे वाचून त्यांना परत बस कोण देणार?"

काउंटरवर धाकटीने पत्रावर शिक्का मारला.

"आता पिट गावभर डांगोरा," थोरली फणकारली. "गार वाटलं ना जिवाला?"

"मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, ताई. औषधाच्या दुकानात भाऊजींच्या हातात त्या यकृताच्या गोळ्यांची डबी बघितली होती."

"आणि गप्प बसलीस? डॉक्टरांना तरी सांगायचंस गं!"

"सांगितलं असतं तर चहाडी केली असं तुम्हीच म्हणाला असतात. जन्मभर."

थोरलीने पत्राची घडी घातली. म्हणालीच असती ती. नवरा मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होता.

"झालं का दोघींचं?" तो म्हणाला. "मग कोणीतरी मला कपभर चहा द्या. साखर घालून."