चौथ्याच्या आधी पाचवा डबा

मी एक प्रत आहे. कागदाची नव्हे, चित्रपटाची. सात डब्यांत गुंडाळलेली आणि इतकी वर्षं एका पलंगाखाली लपवलेली. आत्ता मात्र माझे पाच डबे घरी आहेत आणि दोन एका कचेरीबाहेरच्या बाकावर. असं का, ते सांगते. पण आधीच बजावून ठेवते, माझा कुणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही ऐकताय हे ठीक, पण ऐकून पुढे काय करणार ते मला कुठे ठाऊक आहे?

माझा जन्म अंधारात झाला. एकामागून एक रसायनाच्या टाक्यांत बुचकळलं, गरम हवेत वाळवलं आणि डब्यात कोंबलं. अशा आम्ही चाळीस बहिणी. चाळीसजणींच्या पोटात गोष्ट एकच. एक सुतार, त्याची बायको, चार मुली आणि कुणाच्या बापाचं न ऐकणारं एक गाढव. मध्येच आई आजारी पडून जाते, आणि रंधा मारणारे ते राठ हात मुलींच्या वेण्या घालायला शिकतात. लोक सहकुटुंब यायचे. गाढवाला हसायचे, आईला रडायचे आणि दिवे लागले की प्रत्येक बाप्या डोळ्यात कचरा गेल्याचं सांगायचा. एका थिएटरात एवढा कचरा असतो का? तेव्हापासूनच माणसांच्या बोलण्यावरचा माझा भरवसा उडाला.

गावोगाव फिरले. कुणी यंत्र न पुसताच मला चालवून अंगभर ओरखडे काढले, मी तुटले तेव्हा कुणी चिकटपट्टी लावून वेळ मारून नेली. शेवटच्या थिएटरातला ऑपरेटर तेवढा धड निघाला. मऊ फडक्याने पुसायचा, डबा बंद करताना हळूच थोपटायचा. त्याची बायको जेवण घेऊन यायची ती यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून पुढचा खेळ बघूनच जायची. तिला सगळे ऑपरेटरीणबाई म्हणत. जिभेला हाड नाही, पण मनाने चोख.

धड निघाला म्हणाले खरी, पण पहिल्याच दिवशी त्याने घोळ घातला. चौथा डबा बाजूला राहिला आणि पाचवा आधी चढवला. चौथ्यात आई जिवंत आहे, भांडी घासत गाणं म्हणतेय. पाचव्यात ती जाते. म्हणजे आई आधी गेली, अंगण रिकामं झालं, आणि पाचच मिनिटांत ती स्वयंपाकघरात भांडी घासताना दिसली! ऑपरेटरीणबाईने कपाळावर हात मारला. "अहो, काय केलंत हे? मेलेली बाई भांडी घासतेय!"

"गप्प बस. कुणी ओरडलं का? नाही ना?"

खरंच कुणी ओरडलं नव्हतं. उलट पुढच्या रांगांतून टाळ्या आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो क्रम सरळ करील असं मला वाटलं होतं. कसला करतोय! त्याने मुद्दाम परत तसंच चढवलं. "आज बदललं तर काल चुकलो होतो हे सगळ्यांना कळेल," म्हणाला. "रोज असंच दाखवलं तर चूक कोण म्हणेल?" सात आठवडे मी त्या गावात तशीच चालले. माणसं आपली चूक झाकायला किती कष्ट घेतात! तेवढ्या कष्टात ती दहा वेळा सुधारून झाली असती.

मग बोलावणं आलं. करार संपला, सगळ्या प्रती कंपनीच्या गोदामात पाठवा. माल न्यायला आलेल्या ट्रकवाल्याने सहज सांगितलं की तिथे प्रती कुऱ्हाडीने तोडतात. कुणी चोरून दाखवू नये म्हणून. ऑपरेटरने ऐकून घेतलं. जुन्या जाहिरातींची सडकी रिळं माझ्या डब्यांत भरून त्याने पाठवून दिली आणि मला पत्र्याच्या साध्या डब्यांत घालून घरी आणलं. बाकीच्या एकोणचाळीसजणींचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं.

तो गेला त्याला आता बारा वर्षं झाली. ऑपरेटरीणबाई एकटी राहते आणि माझ्यावर झोपते. दारावर थाप पडली की आधी पलंगाची चादर खाली ओढते. तिला पोलिसांची भीती नाही. तिला भीती एकच, की आपण मेल्यावर कुणीतरी तिच्या नवऱ्याला चोर म्हणेल.

मागच्या वर्षी माझ्या अंगाला आंबूस वास यायला लागला, व्हिनेगरसारखा. तिने सहावा डबा उघडला, हुंगला आणि घाईने झाकण लावलं. जुनी फिल्म अशी कुजायला लागते, नवऱ्याने तिला सांगून ठेवलं होतं. लपवून ठेवावं तर मी कुजणार, बाहेर काढावं तर त्याचं नाव बद्दू होणार. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात कोपऱ्यात बातमी आली. या चित्रपटाच्या चाहत्यांच्या मंडळाने कंपनीकडे हाय डेफिनिशन डिस्कची मागणी केलीय, तीनशे सह्या दिल्यात. कंपनी म्हणते, आमच्याकडे टीव्हीवरची विटकी टेप तेवढी आहे. कुणाकडे चांगली प्रत असेल तर कळवा.

ऑपरेटरीणबाईने मंडळाला पत्र धाडलं. "माझ्या ओळखीत एकाकडे प्रत असेल, नसेलही. आधी तुम्ही कोण ते सांगा."

मंडळाचा म्होरक्या निघाला एक घड्याळजी. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. पत्राचं उत्तर द्यायला स्वतःच घरी आला. तिने त्याला पाणी दिलं आणि बसवलं पलंगापासून लांबच्या खुर्चीत.

"गाढव कुठल्या पायाने लंगडतं?"

"कुठल्याच नाही, मावशी. ते लंगडायचं सोंग करतं. ओझं उतरलं की पळतं."

"हं. हे टीव्हीवर बघून कुणीही सांगेल. डिस्क कशाला पाहिजे? विकायला?"

"बघायला! टीव्हीवर अर्धा चित्रपट कापलाय हो त्यांनी. मुळात शेवटाकडे आई परत येते. भांडी घासत गाणं म्हणते. मी सात वर्षांचा असताना या डोळ्यांनी बघितलंय. कंपनीला अकरा पत्रं लिहिली, तो सीन कुठे गेला म्हणून. उत्तर देत नाहीत. मंडळातले लोकसुद्धा हसतात मला."

ऑपरेटरीणबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. असा चित्रपट जगात एकाच थिएटरात, सातच आठवडे चालला होता. म्हणजे हा माणूस खोटा नव्हता. पण त्याला खरं सांगायचं तर नवऱ्याची चूक स्वतःच्या तोंडाने सांगावी लागणार होती. मला वाटलं, गिळून टाकील. माणसं गिळतातच.

"डबे उलटे लागले होते," ती म्हणाली. "आमच्या यांच्या हातून. आणि मग हट्टाने रोज. कुणी काही कापलेलं नाही. ती परत येत नाही रे बाबा."

घड्याळजीने चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. "त्या वर्षी आमच्या घरीही आई नव्हती," एवढंच म्हणाला. मग हसला. "चाळीस वर्षं लोकांशी भांडलो मी, मावशी! आता त्यांना काय तोंड दाखवू?"

"माझ्याकडे पाठव. मी सांगते, पाहिलंस ते खरं होतं. फक्त क्रम आमच्या घरचा होता."

तेव्हा कुठे तिने चादर वर केली.

आणि आज ही कचेरी. ज्या कंपनीने माझ्या बहिणींवर कुऱ्हाड चालवली तीच आता पांढरे हातमोजे घालून माझी वाट बघत होती. ऑपरेटरीणबाईने दोनच डबे आणले, चौथा आणि पाचवा. "सगळी एकदम यांच्या हाती द्यायला मी काय दुधखुळी आहे?" तिथला साहेब गोड बोलला. जुन्या चोरीबिरीचं कंपनी काही काढणार नाही म्हणाला. तपासणारी बाई मला अगदी हलक्या हाताने उलगडून म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही. डिस्कसाठी उतरवून घेता येईल." गोड बोलणं ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो.

साहेबाने कागद पुढे केला. "इथे सही करा, आजी."

आजींनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. साहेबाचा चहा निवला. नवव्या ओळीशी बोट थांबलं. 'काम झाल्यावर प्रतीची विल्हेवाट कंपनी आपल्या सोयीने लावील.'

"विल्हेवाट म्हणजे?"

"तो छापील मजकूर आहे हो. सगळ्यांना असतो."

"कुऱ्हाड पण सगळ्यांनाच होती. ही ओळ खोडा."

"छापील कागदात खाडाखोड चालत नाही."

"मग माझी सही पण चालत नाही." तिने चौथा डबा उचलला.

मी घड्याळजीकडे बघत होते. डिस्क निघावी म्हणून अर्धं आयुष्य घालवलेला माणूस. आता हा म्हणेल, मावशी, एका ओळीसाठी कशाला अडता. मला तर खात्रीच होती. त्याने पाचवा डबा काखेत मारला, दार उघडून धरलं आणि म्हणाला, "चला मावशी. जपून, पायरी आहे."

साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

म्हणून आम्ही या बाकावर बसलोय. तिच्या मांडीवर मी, त्याच्या मांडीवरही मी. ती त्याला विचारतेय, "चुकलं का रे माझं? तुझी डिस्क गेली." तो म्हणतोय, "जाऊ द्या. तुमच्या पलंगाखाली वारा खेळता ठेवू, डब्यांभोवतीचा कापूस बदलू, आणखी काही वर्षं निघतील." काही वर्षं! माझ्या वासाचा अंदाज त्यालाही आहे. तरी म्हणतोय.

आत्ता दार उघडलं. साहेब स्वतः आलाय, हातात तोच कागद आणि पेन. नववी ओळ खोडलीय, शेजारी सही केलीय. वर हाताने काही लिहिलंय. प्रत मालकिणीची, काम झाल्यावर परत, असं काहीसं दिसतंय. गोड हसतोयही.

ऑपरेटरीणबाईने कागद घेतलाय. पहिल्या ओळीवर बोट ठेवलंय. तुम्ही लोक डिस्क आणाल, घरातले सगळे मिळून बघाल, स्वच्छ चित्र बघून वा वा कराल. करा. पण घाई करू नका. तिचं वाचून होऊ द्या आधी. तोवर माझं झाकण कुणी उघडायचं नाही.